पुलाजवळचा ट्रक

दादाने जेवण सोडलं त्याला अकरा दिवस झाले होते, आणि कवळीवाल्याने ट्रक करायला घेतला त्याला नऊ.

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणारा म्हणून मित्र त्याला कवळीवाला म्हणायला लागले आणि साठी उलटली तरी त्याचं तेच नाव राहिलं. दिवसभर लोकांचे खोटे दात घासायचे आणि उरलेल्या वेळात रणगाडे, तोफा, खंदक, लढाईतला एखादा प्रसंग टेबलावर मावेल एवढा करून उभा करायचा, हे त्याचं आयुष्य. लग्न केलं नाही. थोरल्या भावाकडे राहायचा आणि घरातली एक चांगली खोली डिंकाच्या वासाने भरून ठेवायचा. वहिनींनी तीस वर्षं त्या वासाला नाक मुरडलं, आणि तीस वर्षं त्याच खोलीत त्याला चहा आणून दिला.

दादा म्हणजे थोरला भाऊ. ऐन तारुण्यात फौजेत ट्रक चालवायचा. लढाईत एका पुलाजवळ त्याच्या ट्रकवर गोळा पडला, ट्रक पेटला, मागे बसलेले चौघे गेले आणि हा दोन्ही तळवे भाजून घरी आला. त्यांना वाचवायला गेला म्हणून सरकारने पदक दिलं. घराला माहीत होतं ते एवढंच. पुढे दादाने तीस वर्षं बस चालवली आणि निवृत्त झाल्यावर कवळीवाल्याच्या पाठीमागे खुर्ची टाकून बसायला लागला. बसायचं आणि चुका काढायच्या. भरलेला ट्रक असा ताठ उभा राहत नाही, स्प्रिंग दबते. चिखल मागच्या चाकाला जास्त. या माणसाने हेल्मेट घातलंय की टोपलं? कवळीवाला चरफडायचा, पण दादाचं म्हणणं दर वेळी खरं निघायचं, म्हणून निमूटपणे केलेलं खरवडून पुन्हा करायचा. एकच गोष्ट दादाने बजावून ठेवली होती. जगातली कुठलीही गाडी कर, म्हणाला होता, पण तो ट्रक करायचा नाही.

मग पत्र आलं. जुन्या पलटणीतल्या लोकांनी त्या पुलाजवळ दगड उभारायचं ठरवलं होतं, त्यावर चौघांची नावं, आणि चौघांच्या घरच्यांसमोर त्याचं उद्घाटन दादाच्या हस्ते. दादाने पत्र वाचलं, घडी केली, उशीखाली ठेवलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. त्या दिवसापासून एक शब्द नाही की एक घास नाही. वहिनी चमच्याने पाणी पाजायच्या तेवढं घशाखाली जायचं. डॉक्टर आले, नाडी, छाती, पोट सगळं बघितलं आणि म्हणाले, आजार काही नाही, यांनी ठरवलंय. आणखी तीन-चार दिवस बघू, मग इस्पितळात नेऊन नळी घालावी लागेल, आणि या वयात पुढचं काही सांगता येत नाही. एवढं बोलून त्यांनी काखा वर केल्या.

वहिनींनी हात जोडले, रडल्या, शेवटी भांडल्यासुद्धा. कवळीवाल्याने समजावलं, धमकावलं, नको तिथे विनोद केले. भिंत बोलेल पण दादा बोलेना. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं की या माणसाची जीभ एकाच गोष्टीने सुटते. चूक दिसली की याला गप्प बसवत नाही. आणि घाबरलेला माणूस जसं करतो तसं त्याने नेमकं तेच केलं जे करू नको म्हणून सांगितलं होतं. कामावर रजा टाकली, तशाच जातीच्या ट्रकच्या सुट्या भागांचं खोकं कपाटावरून काढलं आणि बसला.

वहिनींनी टेबलावर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "भाऊजी, हे दाखवून मारणार आहात का त्यांना?"

"न दाखवता तरी कुठे जगतोय तो," कवळीवाला म्हणाला. बोलून गेला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. वहिनी बाहेर गेल्या.

नऊ दिवसांत पूल झाला, कोरडा रस्ता झाला, पुढून पेटलेला ट्रक झाला. ट्रकच्या पाठीवर ताडपत्री. पातळ कागद डिंकाच्या पाण्यात भिजवून केलेली, सुरकुत्यांसकट. रस्त्याकडेच्या चरात त्याने चार जवान पालथे झोपवले, बंदुका रोखून लढताना. शूर माणसं होती, शूरांसारखी दिसायला नकोत? आणि दादासाठी गळ म्हणून मुद्दाम तीन चुका ठेवल्या. रस्ता कोरडा पण चाकांना ओला चिखल. जादा चाक भलत्या बाजूला. आणि भरलेला ट्रक ताठ उभा. यातली एक जरी दिसली तरी दादा उसळून उठेल, अशी त्याची खात्री होती.

नवव्या दिवशी सकाळी त्याने देखावा उचलून दादाच्या खाटेशी स्टुलावर ठेवला आणि त्याला कुशीवर वळवलं. दादाने बघितलं. चांगला वेळ बघितलं. मग दादाने डोळे मिटले आणि पुन्हा भिंतीकडे वळला.

नऊ दिवसांत तोही धड जेवला नव्हता. वहिनी दारात उभ्या होत्या, त्यांनी "आता?" एवढंच विचारलं. तो चपला घालून निघाला तो थेट गॅरेजवर.

गॅरेजवाला आणि शाळेत इतिहास शिकवलेले मास्तर, हे त्याच्या मॉडेल करणाऱ्यांच्या मंडळातले उरलेले दोघे. एके काळी अकरा जण होते. मंडळाचा नियम एकच. ज्याचं मॉडेल टेबलावर, त्याने दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही. बाकीच्यांनी चिरफाड करायची आणि त्याने मूग गिळून ऐकायचं. सबबी सांगायला लागला की माणूस शिकत नाही, असं मास्तरांचं मत.

"आज बैठक आमच्या घरी," कवळीवाला म्हणाला. "दादाच्या खोलीत."

"आजारी माणसासमोर?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच्यासाठीच. आणि दयामाया दाखवायची नाही. नेहमीसारखं फाडा. तुमच्या पाया पडतो."

तो खरंच वाकायला लागला तेव्हा गॅरेजवाल्याने हात पुसले आणि गॅरेजचं शटर ओढलं.

दुपारी दोघे दादाच्या खोलीत स्टुलांवर अवघडून बसले. सुरुवातीला नुसती गोडगोड भाषा. पूल छान उतरलाय. धूर काय सुरेख केलाय, कापूस वाटतच नाही. दादाची पाठ हलली नाही. कवळीवाला गॅरेजवाल्याकडे डोळे वटारून बघत राहिला. मग मास्तरांनी सवयीने खिशातून भिंग काढलं, आणि भिंग डोळ्याला लागलं की मास्तर मास्तर राहत नाहीत.

"हा चिखल कुठून आणला?" ते म्हणाले. "रस्त्यावर धूळ आणि चाकाला चिखल. ट्रक काय विहिरीतून आला?"

"ते सोडा, हे चाक बघा," गॅरेजवाला पुढे सरकला. "या जातीला जादा चाक डावीकडे. आणि माल भरलाय म्हणता तर स्प्रिंग का दबली नाही? माझ्याकडचा पोरगा इतक्या चुका करत नाही."

तिन्ही गळ पकडले गेले, पण ज्याच्यासाठी टाकले होते तो मासा हूं की चूं करेना. दोघांना आता आजारी माणसाचा विसर पडला होता. भिंग या हातातून त्या हातात जात होतं. बुटांचा रंग चुकला. हा जवान एवढ्या धामधुमीत दाढी करून आलाय. कवळीवाला खाटेच्या कडेला बसून दादाच्या पाठीकडे बघत होता आणि सहा मिनिटं गेली होती.

"आणि ही तर सरळ चोरी आहे," गॅरेजवाला म्हणाला. त्याने ट्रकच्या मागच्या बाजूला बोट लावलं. "ताडपत्रीचा पडदा खाली पाडलाय. कशाला? आतून रंग दिलेला नाही म्हणून. वेळ नव्हता, झाकून टाकलं. बरोबर ना?"

कवळीवाल्याने मान खाली घातली. ही चूक त्याने ठेवलेली नव्हती. आठव्या दिवशी हात चालेना तेव्हा आतलं पांढरं प्लास्टिक तसंच सोडून त्याने मागचा पडदा पाडून खालच्या आडव्या फळीला चिकटवून टाकला होता.

"पण अक्कल चालवायची," गॅरेजवाला सुटलाच होता. "तुझे हे चौघे चरात पोचले. पडदा तर बंद. मग बाहेर कुठून आले? की उडी मारली आणि शहाण्यासारखा मागे पडदा बांधून घेतला?"

मास्तर हसले.

"ते बाहेर आलेच नाहीत."

आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा तिघांना वाटलं दारातून वहिनी बोलल्या. दादा उताणा झाला होता. डोळे आढ्याला लागले होते.

"पडदा बंदच होता. मी बांधला होता." त्याचा घसा सुकला होता, शब्द ओढून काढावे लागत होते. "धूळ येते म्हणून ओरडत होते मागून. पोरंच होती. मी गाडी थांबवली, पडदा ओढला आणि फळीला बांधला. दोरी होती. पण दोरी सैल होते, म्हणून तार घेतली. चार वेढे. पक्कडीने पिळले."

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं.

"मग गोळा पडला. पक्कड पुढे केबिनमध्ये राहिली, आणि केबिन पेटली होती. मी हातानेच पीळ काढत होतो. तापली होती तार. आतून लाथा मारत होते. दोन वेढे सुटले."

वहिनी दाराची चौकट धरून खाली बसल्या. या तळव्यांना त्यांनी लग्नानंतर कित्येक वर्षं मलम लावलं होतं. "तुम्ही तर म्हणायचात, दार तापलं होतं," त्या म्हणाल्या. दादाने त्यांच्याकडे बघितलं नाही.

कवळीवाल्याला वाटलं होतं, दादा बोलला की आपण आनंदाने रडू. रडू आलंच नाही. आपण हे का उकरलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

"त्यांना चरातून काढ," दादा त्याला म्हणाला. "तिथे नव्हते ते."

"दादा, राहू दे आता. पडून राहा."

"चूक आहे ते. काढ."

मग कवळीवाल्याने हत्यारांची पेटी आणली. चौघांच्या पोटातून त्याने पक्की तार रोवली होती, ते सुटेनात. पहिला उपटताना घोट्यात मोडला. पडद्याच्या कडेला पातं घालून पडदा वर केला तर आत नुसतं पांढरं प्लास्टिक. पालथ्या, बंदूक रोखलेल्या माणसांना बाकावर बसवता येत नाही. एकेकाला कमरेत कापून, वाकवून, पुन्हा चिकटवावं लागलं. मास्तरांनी न विचारता भिंग धरलं आणि गॅरेजवाला खाली मान घालून डिंकाची बाटली धरून बसला. दादा खाटेवरून सांगत होता. दोघे इकडे, दोघे तिकडे. सगळ्यात लहान होता तो फळीशी, त्यालाच धुळीचा जास्त त्रास होत होता.

"आता पडदा पाड. तार कुठाय?"

दातांच्या कामाची बारीक तार पेटीत होती. कवळीवाल्याने चिमट्याने एक वेढा घातला, दुसरा, तिसरा. चौथ्याला तो थांबला. आत कोण बसलंय ते त्यानेच बसवलं होतं.

"घाल," दादा म्हणाला.

त्याने घातला. मग दादाने सांगितलं तसे दोन सोडवले आणि दोन तसेच ठेवले.

दादा कोपरावर उठायला बघत होता. गॅरेजवाल्याने पाठीला हात दिला. बसता झाल्यावर दादाने देखावा नीट तपासला आणि उशीखालचं पत्र काढून कवळीवाल्याच्या हातात दिलं.

"उत्तर लिही. येतो म्हणावं. आणि हे बरोबर घ्यायचं. घरची माणसं येतील सगळी. माझ्या तोंडातून आपणहून निघणार नाही. पण हे समोर ठेवलं की कोणीतरी विचारेल, पडदा बंद कसा. विचारल्यावर सांगेन."

"दादा, ते सोडणार नाहीत तुला," कवळीवाला म्हणाला. "पंचेचाळीस वर्षं ते तुला देव मानतायत."

"म्हणूनच." दादाने वहिनींकडे बघितलं. "तिथे उभं राहायचंय मला. थोडा भात दे मऊ करून."

वहिनी भिंतीला धरून उठल्या. हेच वाक्य ऐकायला कवळीवाल्याचा जीव अकरा दिवस टांगणीला लागला होता. ते ऐकलं आणि त्याला वाटलं, याने खाऊ नये, याच्या पायात बळ येऊ नये, हा इथेच या खाटेवर राहावा. पत्र खिशात घातलं आणि वहिनींच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेला, भात करायला.