साखरेत ठेवलेलं च्युइंगगम

ल्यूदा, गाडी सुटायला दोन मिनिटं होती. मी डब्याच्या दारात आईला चिकटून उभी होते. तुमच्या सोव्हिएत गावातल्या रणगाड्यांच्या कारखान्यातलं बाबांचं दोन वर्षांचं प्रशिक्षण संपलं होतं आणि आम्ही त्यांच्या नोकरीच्या गावी, मद्रासला निघालो होतो. तू धावत आलीस आणि माझ्या मुठीत चांदीच्या कागदाची पुडी कोंबलीस. उघडली तर आत करडं पडलेलं च्युइंगगम, त्याला साखरेचे चार दाणे चिकटलेले.

"शी! कुणाचं उष्टं ते?" आई ओरडली. "टाक आधी!"

माझंच, एवढंच म्हणायचं होतं. तेवढंही म्हटलं नाही. तुझ्या बुटांपाशी फेकलं आणि आत जाऊन बसले.

आज मला सत्तेचाळीस पूर्ण झाली. वाढदिवसाला माणसांना चांगलंचुंगलं आठवतं म्हणे. मला तुमच्याकडचा माझा नववा वाढदिवस आठवतो. ज्याचा वाढदिवस त्याचे कान वयाइतक्या वेळा ओढायचे, ही तुमची पद्धत. मी ती उलटी केली. माझ्याकडे फक्त परदेशी लोकांसाठी असलेल्या दुकानातलं च्युइंगगम होतं; त्या दुकानात तुम्हाला पाऊल टाकायची बंदी. मी अंगणात जाहीर केलं, आज कान मी ओढणार. जो न रडता नऊ वेळा ओढू देईल, त्याला एक. तेही मी आधी चघळून, गोडी संपवून. सगळे मुकाट रांगेत उभे राहिले. रांगेची तुम्हाला सवय होतीच.

बाकीची पोरं मला काळी म्हणून चिडवायची, त्यांच्यावर सूड उगवायचा होता. तू कधीच चिडवलं नव्हतंस. तरी तुझेच कान मी सगळ्यांत जोरात पिरगळले, कारण तू ओरडणार नाहीस हे मला पक्कं ठाऊक होतं. वर तू आभार मानलेस. मग ते रोज साखरेच्या वाटीत ठेवायचं आणि शाळेतून आल्यावर पुन्हा चघळायचं, असं महिनोन् महिने चाललं होतं तुझं.

मद्रासच्या शाळेत पहिल्याच दिवशी मी शेजारच्या मुलीच्या बाटलीला तोंड लावून पाणी प्यायले. "अय्यो, एच्चिल!" ती किंचाळली. इथे उष्ट्याला एच्चिल म्हणतात आणि पाणी वरून तोंडात ओततात. तिने बाटली फेकली आणि महिनाभर माझ्या बाकावर कुणी बसलं नाही. आई मात्र खूश. "बघ, ह्या लोकांना तरी कळतं!" चांगली जिरली माझी.

आता इथेच अण्णा नगरात फ्लॅट आहे, सिरुसेरीच्या आयटी पार्कात नोकरी. मुलगी मैत्रिणींशी तमिळ बोलते, काही हवं असलं की माझ्याशी मराठी. सकाळी तिने अर्धा खाल्लेला केकचा तुकडा माझ्या तोंडापाशी आणला. "शी, उष्टं!" मी म्हटलं. आवाज थेट आईचा. मुलगी तुकडा ताटलीत टाकून निघून गेली.

तेवढ्यात तुझा मेसेज आला, भाषांतराच्या यंत्राने इंग्रजीत केलेला. गेल्या वर्षी तूच मला शोधून काढलंस. "तुझ्या आईने टाकायला लावलं, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी ते उचललं, नळाखाली धुतलं. चव कधीच गेली होती. पण तू गेल्यावर बोलायला कुणी नव्हतं, म्हणून पहिला बर्फ पडेपर्यंत चघळत राहिले."

मी एक लाल बदाम पाठवला आणि मीटिंगला बसले. खरं काय ते इथे मराठीत लिहितेय. तुझं यंत्र मराठीही वाचतं, म्हणून पाठवणार नाही.

आई अजून साताऱ्याला घर म्हणते, मुलगी चेन्नईला. मला विचारलं तर मी अण्णा नगरचा पत्ता सांगते. पण माझं उष्टं आपलं मानून खाणारं माणूस मला जगात एकच भेटलं. घर म्हणतात ते हेच असेल, तर ते मी तुझ्या बुटांपाशी फेकून आले.