कोट तिचा, खांदे माझे

जुलैतल्या एका दुपारी मी मस्कतमध्ये लोकरीचा ओव्हरकोट घालून उभी होते.

हमरियातलं लेडीज टेलरचं दुकान. आई तिथे कामाला आहे. दोन मशीन, एक आरसा, एक खुर्ची. खुर्चीवर मॅडम बसल्या होत्या. दुकानाचा एसी बंद पडला होता. माझे वडील एसीचे सुटे भाग विकणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर आहेत, हेही इथेच सांगून टाकते, म्हणजे एकदाच हसून घेता येईल.

कोट मॅडमच्या मुलीचा. अन्विताचा. ती एका सेमिस्टरसाठी जर्मनीला निघाली होती, एक्स्चेंज स्टुडंट म्हणून. कोट लंडनच्या सेलमधून आणलेला, एक साइज मोठा. तो खांद्यात आणि कमरेत आत घ्यायचा होता. त्यासाठी कोणीतरी तो अंगात घालून उभं राहणं भाग होतं. अन्विता बाहेर गाडीत बसली होती. गाडीचा एसी चालू होता.

"तिला फार उकडतं," मॅडम म्हणाल्या. "आणि हिची उंची तेवढीच आहे की. ही राहील उभी. काय गं?"

मी राहिले उभी.

आई टाचण्या लावत होती. तोंडात टाचण्या असल्या की तिला बोलता येत नाही. त्या दिवशी तिने त्या जरा जास्त वेळ तोंडात ठेवल्या. माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. मॅडमनी पर्समधून टिश्यू काढला. मला वाटलं, मला देतायत. त्यांनी तो आईपुढे धरला.

"अहो ताई, हिची मान पुसून घ्या जरा. आतलं अस्तर सिल्कचं आहे. घामाचे डाग जात नाहीत."

आईने माझी मान पुसली. माझ्याकडे न बघता. अस्तरासाठी.

मग मॅडम मागे रेलल्या आणि कौतुकाने म्हणाल्या, "किती छान बसलाय गं तुला! पण तुला काय उपयोग, नाही का? आणि तिकडची थंडी तुला झेपलीही नसती. त्याला आधीपासून खाणंपिणं लागतं."

झेपलीही नसती. म्हणजे त्यांना माहीत होतं.

ती जागा माझी होती.

अन्विता आणि मी एकाच कॉलेजात, एकाच वर्गात. मी फीच्या सवलतीवर, ती घराजवळ पडतं म्हणून. कॉलेजने त्या जर्मन विद्यापीठासाठी एकच जागा काढली होती. मी पहिली आले, अन्विता दुसरी. व्हिसासाठी वडिलांच्या कंपनीचं पत्र लागणार होतं: हा माणूस आमच्याकडे कामाला आहे, इतकी वर्षं आहे, पगार अमुक. तेवढंच. कंपनीचे अर्बाब, म्हणजे मालक, ओमानी आहेत. ते कधीमधी येतात, सगळ्यांशी हात मिळवतात, खजूर खातात आणि जातात. पत्रांवर सही मॅनेजर साहेब करतात. मॅनेजर साहेब म्हणजे मॅडमचे यजमान. अन्विताचे बाबा.

वडील निझव्याला माल पोचवून परत आले की रोज त्यांच्या केबिनबाहेर उभे राहायचे.

"होऊन जाईल रे," साहेब म्हणायचे. "इन्शाल्ला."

अरबी माणूस इन्शाल्ला म्हणतो तेव्हा त्यात देव असतो. साहेब म्हणतात तेव्हा त्यात फक्त साहेब असतात.

मुदत संपली. जागा दुसऱ्या नंबराला गेली. साहेबांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही. साहेब मुद्दाम काहीच करत नाहीत. ते फक्त सही करत नाहीत.

अन्विता सप्टेंबरमध्ये गेली आणि मी जळायला लागले. मराठीत याला सभ्य शब्द आहेत. इथल्या मराठी मंडळाच्या कपाटातली सगळी पुस्तकं मी वाचली आहेत, कारण ती दुसरं कोणी नेत नाही. तेव्हा हेवा, असूया, मत्सर, सगळे शब्द मला ठाऊक आहेत. मला जे होत होतं ते जळणंच होतं. पोटात, जेवताना, बसमध्ये, आईच्या दुकानात काजं करताना.

ती मला रोज व्हॉइस मेसेज पाठवायची. तिथे तिला मैत्रिणी झाल्या नव्हत्या. हे तिने कधी सांगितलं नाही. पण झाल्या असत्या तर तिने मला कशाला पाठवले असते?

"यार, इट्स सो डिप्रेसिंग. संडेला सगळं बंद. आय मीन, सगळं! दूध पण नाही."

"यार, लाँड्री बेसमेंटमध्ये आहे. मशीन बुक करावं लागतं. मी स्वतः बास्केट घेऊन खाली जाते, कॅन यू इमॅजिन?"

करू शकत होते. मी दुसरं काहीच करत नव्हते. बेसमेंटमधल्या त्या मशीनचा आवाज मला हमरियात ऐकू यायचा. सामाईक स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये तिचा एक कप्पा होता, त्यावर तिच्या नावाची चिकटपट्टी. कोणीतरी इटालियन मुलगा तिचं लोणचं चमच्याने नुसतंच खायचा. रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की चिठ्ठी बाहेर यायची. दुपारी चारला अंधार पडायचा, आणि त्या अंधारात ती एकटी सायकलवरून ग्रंथालयात जायची, आणि कोठे चाललीस असं तिला कोणी विचारायचं नाही. याचीही ती तक्रार करायची. इथे कोणी काही विचारतच नाही यार.

मी घरातून निघताना आईला सांगायचे, बसस्टॉपवर शेजारच्या काकूंना, आणि वडिलांना फोनवर. मी त्या सायकलवर जळत होते.

एकदा तिने तिच्या प्रोफेसरबद्दल पाठवलं. "ही इज सो वीअर्ड. नावाने हाक मारा म्हणतो. आणि प्रत्येक क्लासमध्ये विचारतो, तुला काय वाटतं? मला काय वाटणार? तू वाच ना प्लीज हे. दोन लाइन सांग."

सोबत वाचायचं साहित्य होतं. मी ते सगळं वाचलं. दोन नाही, पुष्कळ ओळी लिहून पाठवल्या. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग दर आठवड्याला. प्रोफेसरला फार आवडलं म्हणे, अन्विताला जे वाटतं ते. मला काय वाटतं, हे इथे मला आजवर एकाही माणसाने विचारलेलं नव्हतं. मॅडमनी "काय गं?" म्हटलं होतं तेवढंच.

डिसेंबरात बर्फातला फोटो आला. अन्विता, मागे चर्च, अंगात तो कोट. मी फोटो मोठा करून बघितला. खांद्यावर कापड ताणलं होतं. पाठोपाठ मेसेज: "शोल्डरमध्ये टाइट आहे यार. हात वर होत नाही. टेलर आंटीने काहीतरी गडबड केलीय."

मी आईला विचारलं.

"गडबड कसली?" आई म्हणाली. तिने मशीनवरून मानही वर केली नाही. "ज्याच्या आंगावं व्हता त्याचं माप घेतलंय."

त्या रात्री मी छान जेवले. हे चांगल्या माणसाचं लक्षण नाही, मला माहीत आहे.

मार्चमध्ये अन्विता परतली. शुक्रवारी साहेबांच्या व्हिलावर तिचा कौतुकसोहळा ठेवला होता. मंडळाची माणसं, कंपनीतली माणसं. आम्हा तिघांना "घरच्यासारखं" बोलावलं होतं. घरच्यासारखं बोलावतात तेव्हा लवकर जायचं असतं. वडिलांनी खुर्च्या आणल्या. आईने दोन बायकांच्या साड्यांना पिना लावल्या. मी फराळाच्या बशा भरल्या. पाहुण्यांना चहा पोर्सेलिनच्या कपातून, आम्हाला कागदाच्या. "हायजिनिक पडतं," मॅडम म्हणाल्या. गावात आजीसाठी कप वेगळा ठेवत. हे तेच. फक्त हा विसळावा लागत नाही.

मंडळाचे एक काका वडिलांजवळ आले. "कुठले तुम्ही?"

"चिपळूणकडचे."

"वा! गाव कुठलं?"

वडिलांनी गाव सांगितलं.

"असं का! कुठली वाडी?"

वडिलांनी वाडी सांगितली. काका "हं, हं" म्हणाले आणि त्यांना भजी आठवली. कोकणात वाडी कळली की पुढे काही विचारायचं उरत नाही. मस्कतलाही नाही.

मग मोठ्या टीव्हीवर फोटो. अन्विता बोलत होती. मराठीत बोल, मराठीत, असं मॅडम दटावत होत्या. "सो, हे माझं... डॉर्म. इथे आपण सगळं स्वतः करतो. इट टीचेस यू, ना, डिग्निटी ऑफ लेबर." टाळ्या. मी बशा गोळा करत होते.

बर्फातला फोटो आला. मॅडम एकदम उठल्या, आत गेल्या आणि कोट घेऊनच बाहेर आल्या.

"हा आता हिला देऊन टाकू या," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "अन्वीला नवीन घेतलाय. गंमत सांगू? हा पहिल्यांदा हिनेच घातला होता! जुलैमध्ये! घामाने नुसती निथळत होती बिचारी."

सगळे हसले. अन्विताही हसली. ती वाईट नाही. तिला हसायची सवय आहे.

"ये गं. घाल. दाखव सगळ्यांना, कसला फिट बसतो तुला," मॅडम म्हणाल्या.

आता खरं सांगते. मला तो कोट हवा होता. बशा खाली ठेवून तो अंगात चढवावा आणि आरशात बघावं, इतका हवा होता. त्याचे खांदे माझे होते. माझ्या आईने ते माझ्यावर बेतले होते. त्या खोलीत दुसऱ्या कोणाला तो नीट बसला नसता. पण घालून मी उभी राहिले असते, ते हसले असते, आणि जुलै पुन्हा सुरू झाला असता. तो कधी संपलाच नसता. गावात आजीने आयुष्यभर खोताच्या घरची उतरलेली लुगडी नेसली. ती मऊ असत, असं ती सांगायची.

"नाही घालत," मी म्हणाले.

"अगं लाजतेस काय!"

"लाजत नाही. घालत नाही."

टीव्हीवर बर्फ तसाच होता. साहेब सोफ्यावरून हसत म्हणाले, "अरे घे की! या वर्षी पुन्हा पहिली आलीयस ना? जाशील तेव्हा लागेल. इन्शाल्ला."

या वर्षी पुन्हा पहिली आले होते. पुन्हा तेच पत्र लागणार होतं. पुन्हा ते साहेबांच्या टेबलावर होतं. आणि ही शेवटची संधी. पुढच्या वर्षी माझं कॉलेज संपतं.

"साहेब, कोट नको. सही हवी."

वडिलांच्या हातातली खुर्ची खाली टेकल्याचा आवाज मला ऐकू आला.

"हे काय बोलायची वेळ आहे का?" साहेब अजून हसत होते, पण फक्त तोंडाने. "चार लोकांत ऑफिसची कामं काढायची नसतात, बाळा."

"बरोबर आहे. मग ऑफिसात येते. रविवारी सकाळी. सही होईपर्यंत बसते."

मॅडमच्या हातात कोट तसाच लोंबत राहिला. मी उरलेल्या बशा आत नेल्या नाहीत. जिथे होत्या तिथे ठेवल्या.

परत येताना वडिलांनी पहिल्या सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाले, "तुला काय गरज व्हती गो? माझा व्हिसा त्यांच्या हातात हाय. उद्या खलास म्हणाले तर आपण तिघंबी विमानात."

"माहीत आहे, बाबा."

"माहीत हाय म्हणं!"

आई मागच्या सीटवर होती. ती एवढंच म्हणाली, "खांद्याची शिवण काय झाक बसलीवती. मी लांबनं बघितली."

शनिवारी सुट्टी होती; इथे आठवडा रविवारी सुरू होतो. वडिलांनी कपाटावरची बॅग एकदा खाली काढली, झटकली आणि परत वर ठेवली.

रविवारी मी बससाठी निघाले, तर खाली त्यांचा पिकअप उभा होता. इंजिन चालू. त्यांनी हॉर्न दिला नाही, हाक मारली नाही. फक्त शेजारच्या सीटवरचा माल उचलून मागे ठेवला होता. मी बसले. कंपनी गाला नावाच्या भागात आहे, तिथे उतरलो. ते मागच्या गेटने गोदामात गेले, मी पुढच्या दाराने.

रिसेप्शनवर वसईची एक आंटी बसते. तिने आत फोन केला, ऐकलं, ठेवला.

"साहेब बिझी आहेत म्हणतात. आज नाही जमणार. तू जा, बाळा, मी कळवते."

"बसते मी."

"उगाच कशाला..."

"बसते."

तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग मला खुर्ची दाखवली. नेमकी एसीच्या खाली. कंपनी एसीच्या भागांची असल्यामुळे इथला एसी उत्तम चालतो. थोड्या वेळाने माझे हात दंडाशी घट्ट आवळलेले तिला दिसले असावेत.

"कमी केला असता गं," ती हळूच म्हणाली. "पण रिमोट साहेबांच्या केबिनमध्ये असतो. माझी शाल देऊ?"

"नको."

साहेब एकदा बाहेर आले, मला बघितलं, परत आत गेले. वडील पार्सल घेऊन पुढून गेले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण चाल हळू केली. दुपार झाली. आंटी डबा खायला गेली आणि आली. मी अजून इथेच आहे. आज सही नाही झाली तर उद्या याच खुर्चीवर येईन. परवाही. विमानात बसवलं तर त्यासाठीही त्यांना सही करावी लागेल, आणि तीही ते माझ्यासमोर करतील.

माझे खांदे मी यापुढे कोणाच्या कोटाला देणार नाही. कोणाच्या प्रोफेसरला, मला काय वाटतं, तेही नाही.

थंडी वाजते आहे. उठत नाही.