मनातल्या मनात कोरस

आमच्या लालबागच्या टॉवरच्या लॉबीत काचेचं एक कपाट आहे. त्यात दहीहंडीच्या ढाली आहेत, कॅरमच्या आहेत, रस्सीखेचीच्या आहेत आणि वडे खाण्याच्या स्पर्धेचीही एक आहे. सगळ्या घाम गाळून आणि आरडाओरडा करून मिळवलेल्या. गप्प बसल्याबद्दल आम्हाला कुणी ढाल देईल, असं आमच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मी मूळची गिरगावची. लग्न होऊन इथे आले तेव्हा टॉवर नव्हता, चाळ होती, आणि पहिल्या आठवड्यात मला वाटलं की शेजाऱ्यांची कडाक्याची भांडणं चालली आहेत. ते एकमेकांना फक्त जेवण झालं का, एवढंच विचारत होते.

शिवाजी पार्कपासून जवळच्या एका मैदानात दरवर्षी कोकणी खाण्याचा आणि गाण्याचा महोत्सव भरतो. एका अंगाला मासे, वडे, घावण्यांचे स्टॉल, दुसऱ्या अंगाला स्टेज आणि खुर्च्या. गेल्या वर्षी तिथे जे झालं त्याची मला अजून लाज वाटते, आणि मी तर काही केलंही नव्हतं. एका गृहस्थांनी टॉवेल पसरून अख्खी रांग अडवली. सुरमईचे काटे पुढच्याच्या खुर्चीखाली गेले. एका बाईंचा आलाप छान रंगात आला असताना मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, तिसऱ्यांचं सुकं संपत आलं रे!" आणि अर्धे श्रोते उठून पळाले. बाईंनी आलाप थांबवून तबलजीला विचारलं, काय संपलं म्हणून. मग तोही उठला.

म्हणून यंदा महोत्सवाच्या समितीने नियम केले. गाणं चालू असताना खायचं नाही, बोलायचं नाही, उठायचं नाही, कसलाही आवाज करायचा नाही. पत्रावळी डब्यातच टाकायच्या. खरं सांगते, मला नियम आवडले. माझ्या माहेरी गाण्याच्या बैठकीत खोकला आला तर माणूस जिना उतरून रस्त्यावर जाऊन खोकत असे. पण समितीने पुढे एक घोळ घातला. खुर्च्या विभागवार लावल्या आणि सर्वांत सभ्य विभागाला शिल्ड जाहीर केली.

लालबागच्या माणसाला शिल्ड दाखवायची नसते. दुसऱ्याच दिवशी टॉवरच्या पोडियमवर, म्हणजे गाड्यांच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीत, सराव सुरू झाला. कोच म्हणून आमच्याच मजल्यावरचे निवृत्त पीटीचे सर. त्यांनी आयुष्यभर मुलांना थरावर थर चढवायला शिकवलं, आता आम्हाला बसायला शिकवू लागले. "बसणं म्हणजे आराम नाय! बसणं म्हणजे बॅलन्स!" असं ते शिट्टी वाजवून सांगत. स्टॉलवर उभं असतानाही सोलकढी सुर्र न करता प्यायची. तळलेला बोंबील तोंडात घेऊन मऊ होईपर्यंत धरून ठेवायचा. शिंक आली तर नाक दाबून शेजाऱ्याचा हात धरायचा, म्हणजे शेजारी तयार राहील. हा शेवटचा नियम कशासाठी होता, ते मला आजवर कळलेलं नाही.

बायका हिंदमाताला जाऊन एकसारख्या साड्या घेऊन आल्या. दुकानदाराने रेशमी काढल्या तर आमच्यातल्या दोघींनी त्या कानाशी धरून चोळून पाहिल्या आणि सळसळतात म्हणून परत केल्या. शेवटी सुती घेतल्या, तेही दोनदा धुऊन मऊ केल्यावर चालतील या अटीवर. दुकानदाराने विचारलं, कुणी आजारी आहे का घरात?

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. पण त्या महोत्सवात माझे सासरेही गाणार होते, आणि ते काही गमतीचं नव्हतं.

माझे सासरे भजनीबुवा. चाळीत त्यांचं मंडळ होतं. बुवा पेटीवर एक ओळ म्हणणार आणि मागची मंडळी टाळ कुटत तीच ओळ उचलणार, असा भजनाचा सगळा व्यवहार. चाळ पडली, मंडळी डोंबिवली-नालासोपाऱ्याला पांगली. मग घरी सासूबाई उरल्या. त्या स्वयंपाकघरातून, फोडणी देता देता, ओळ उचलायच्या. त्या गेल्यावर बाबांनी पेटी पलंगाखाली सरकवली. आम्ही सगळे घरातच असतो तसे. नवरा लॅपटॉपवर, मुलगी कानात काहीतरी घालून, मी माझ्या मालिकांत. यंदा समितीचा निरोप आला तेव्हा बाबांनी पेटी बाहेर काढली, पुसली आणि जाहीर केलं, "ह्या वेळेक लोकांनी साथ दिली तर ठीक. नाय तर पुढच्या आठवड्यात गावची गाडी आसा, पेटी देवळाक देऊन टाकतंय. एकट्यान भजन म्हणूचा म्हणजे स्वतःच स्वतःक फोन लावण्यासारख्या."

त्याच संध्याकाळी मी पोडियमवर जाऊन सरांना विचारलं, "बाबांच्या भजनाच्या वेळी काय करायचं? कोरस कोण देणार?"

सर विचारात पडले. नियमाप्रमाणे श्रोत्यांनी आवाज केला की गुण कापणार. बरीच चर्चा झाली. शेवटी सरांनी निर्णय दिला, "बुवा आपलेच आहेत. साथ तर द्यायचीच. पण मनातल्या मनात."

"मनातल्या मनात कोरस?" मी म्हटलं. "ते भजन आहे की शोकसभा?"

"वहिनी, तुम्ही गिरगावच्या. तुम्हाला शिल्डची किंमत नाही," सर म्हणाले. आणि माझा सख्खा नवरा, त्या बुवांचा एकुलता एक मुलगा, मान डोलावून म्हणाला, "सर बरोबर बोलतायत. एकदा तरी सभ्यतेची येऊ दे ना गं." अशा वेळी माणसाला सासरचं काय करावं ते कळत नाही. मी घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. ते हसले. "गो, तेंका गप रवणा जमाचा नाय. टाळ वाजलो की तोंड आपसूक उघडतला."

महोत्सवाच्या संध्याकाळी आम्ही लवकर पोचलो. सरांच्या आदेशाप्रमाणे सगळ्यांनी आधीच पोटभर जेवून घ्यायचं होतं, म्हणजे गाण्याच्या वेळी मोह नको. वडे, मटण, खेकड्याचा रस्सा, सगळं झालं आणि पत्रावळी आम्ही डब्यात अशा हळुवार ठेवल्या की सफाईवाल्या बाई बघत राहिल्या. रांगेत कुणी पुढे घुसेना. उलट जो तो मागच्याला पुढे ढकलू लागला, "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करत, आणि मोदकांच्या स्टॉलची रांग त्या सभ्यतेपायी जागची हलेना. स्टॉलवाली बाई शेवटी ओरडली, "अरे, कोणीतरी मेल्यानू खावा!"

गिरगावच्या विभागात माझी सख्खी मोठी बहीण बसली होती. मी जवळून गेले तर तिने माझ्याकडे पाहिलं आणि फक्त डोळे मिटून उघडले. नंतर कळलं, त्यांच्याकडेही सराव झाला होता. दादरवाल्यांनी सराव केला नव्हता, त्यांना तो लागत नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं. परळवाले मात्र आमच्यावर टपून होते. त्यांच्यातल्या एकाने कुरकुरीत कुरल्यांची थाळी हातात घेऊन आमच्या रांगेपुढून तीन फेऱ्या मारल्या. आमचं कुणी हललं नाही. सरांनी अंगठा वर केला. अभिमानाने त्यांचे डोळे भरून आले होते.

मग बाबा आले. पांढरा सदरा, टोपी, मांडीपुढे पेटी. सोबत समितीने दिलेला एक मृदंगवाला आणि दोन टाळकरी, तेही नुसते वाजवणारे, गाणारे नव्हेत. बाबांनी आमच्या खुर्च्यांकडे बघून नमस्कार केला. एरवी त्यावर शिट्ट्या पडल्या असत्या. आम्ही सगळे एकसारख्या साड्यांत आणि सदऱ्यांत, हात मांडीवर ठेवून, फोटो काढायला बसल्यासारखे बसलो होतो.

त्यांनी पहिली ओळ म्हटली. आवाज जरा खरखरला, पण लागला. ओळ संपली, मृदंगावर थाप पडली आणि बाबा कान पुढे करून थांबले.

काही नाही.

त्यांना वाटलं, ऐकू गेलं नसेल. तीच ओळ त्यांनी चढ्या आवाजात म्हटली. पुन्हा थांबले. माझ्या पुढचे काका डोळे मिटून मान हलवत होते, म्हणजे त्यांचं मनातल्या मनात जोरात चाललं होतं. शेजारच्या वहिनींचा पाय ताल धरू लागला तर सरांनी मागून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. टाळकऱ्यांना परिस्थिती कळेना, ते टाळ अधांतरी धरून एकमेकांकडे बघू लागले. बाबांनी तिसऱ्यांदा ओळ घेतली, पण या वेळी अर्ध्यावरच सोडली. स्टेजवरच्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसत होता. मला इतका राग आला की सगळ्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटली, पहिली नवऱ्याच्या. मी नवऱ्याला चिमटा काढला. त्याने 'आई गं' हेसुद्धा मनातल्या मनातच म्हटलं.

बाबांनी पेटीचा भाता लावून टाकला. मृदंगवाल्याला हाताने थांबवलं. संपलं, असं मला वाटलं. ते उठून उभे राहिले, टोपी नीट केली, हात जोडले, डोळे मिटले आणि माइकसमोर एकदम चढ्या आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजाऽऽ!"

त्यांनी गाऱ्हाणं घालायला घेतलं होतं. आमच्याकडच्या माणसाला हे सांगायला नको. देवापुढे एक जण मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याच्या शेवटी जमलेल्यांनी एकसुरात होकार द्यायचा. तिथे गप्प बसणं म्हणजे मागणं बुडवणं. मालवणी माणूस झोपेत असला तरी होकार देतो.

"व्हय म्हाराजा!" आमच्या अख्ख्या विभागातून आवाज गेला. आणि पुढच्याच क्षणी सगळ्यांनी तोंडावर हात ठेवले.

"आज ही तुझी लेकरां वडे खाऊन हय बसली हत, तेंका जी काय गप बसण्याची बाधा झाली आसा, ती दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी परळकरही होते. सर दोन्ही हात वर करून सगळ्यांना थांबवत होते.

"शिल्डापायी ज्येंच्या तोंडाक कुलूप लागला, तेंचा कुलूप खोल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" हा सर्वांत मोठा आवाज सरांचा होता. हात वरच होते, तोंड सुटलं होतं. शिट्टी त्यांच्या गळ्यात थरथरत होती. स्टॉलवरच्या बायका झारे घेऊन बाहेर आल्या, त्यांनीही म्हटलं. गिरगावच्या विभागात माझी बहीणसुद्धा उभी राहिली. दादरवाले बसून होते, पण आता त्यांचाच चेहरा पडला होता.

शिल्डचं सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. ती शीवला मिळाली. शीवहून त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांकडून एकही नियम मोडला गेला नाही, असं परीक्षकांनी गंभीरपणे जाहीर केलं. शिल्ड एका खुर्चीवर ठेवून तिचा फोटोही काढला.

पण ते नंतर. बाबांचं गाऱ्हाणं अजून संपलं नव्हतं. लोक आता रंगात आले होते, पुढचं मागणं यायच्या आतच होकार द्यायला टपले होते. बाबा जरा थांबले. आवाज खाली आला.

"आणि म्हाराजा, माझ्या घरात, मी एक ओळ म्हटलंय तर मागसून कोणीतरी दुसरी म्हणू दे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा!" मैदान दणाणलं. लोक हसत होते, एकमेकांना टाळ्या देत होते. कुणी नीट ऐकलंच नव्हतं. नवऱ्याच्या तोंडातून 'व्हय' एवढंच निघालं आणि पुढचा शब्द अडकला. मुलीने कानातलं काढून हातात घेतलं. त्या हजारो होकारांत आमच्या घराचा होकार नव्हता, आणि मागणं आमच्याकडेच होतं. बाबांनी डोळे उघडले होते. ते गर्दीकडे बघतच नव्हते.

आवाज ओसरला, तरी ते तसेच हात जोडून उभे होते. मृदंगवाल्याने विचारलं, सुरू करूया का? त्यांनी मान हलवली, थांब म्हणून.

मी उठले. इतक्या वर्षांत मी ते शब्द एकदाही म्हटले नव्हते, आम्हा गिरगावकरांच्या तोंडात ते बसत नाहीत. सगळे शांत झाल्यावर, सगळ्यांदेखत, मी एकटीच ओरडले, "व्हय म्हाराजा!" आणि माझा आवाज असा काही चिरकला की परळवाल्यांनी वळून पाहिलं.

बाबा हसले. खाली बसले, पेटीचा भाता सोडला आणि ओळ घेतली. मग जे भजन झालं त्याचं वर्णन करत नाही, मला त्यातलं कळत नाही. एवढंच सांगते की घरी जाताना टॅक्सीत पेटी माझ्या मांडीवर होती, नवऱ्याने गावच्या गाडीचा विषय काढला आणि बाबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "देवळाक नवी घेवया. ही सुनेक शिकवूक लागतली. तिचो सूर लय वायट आसा."