घंटामावशी ऐकत बसल्या तेव्हा

मुलींच्या त्या शाळेत शिपाईकाम करणाऱ्या बाईंना तोंडावर सगळ्या मावशी म्हणत आणि पाठीमागे घंटामावशी. वादविवादाच्या स्पर्धेत पितळी घंटा त्यांच्याच हाती असे. चार मिनिटं झाली की एक टोला, पाच झाली की दोन. भल्याभल्या बोलक्या पोरी त्यांनी वाक्याच्या मधोमध गारद केल्या. एकदा तर प्रमुख पाहुण्यांनाही खाली बसवलं, आणि अख्ख्या सभागृहाने मनातल्या मनात दुवा दिला.

बावीस वर्षांत चूक एकच, तीही मुद्दाम केलेली. गेल्या वर्षी सख्खी भाची संघात आली आणि ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी, ज्यांच्या जिभेला कधीच हाड नव्हतं, कुजबुज सुरू केली की आता घरच्या पोरीला जादा वेळ मिळणार. त्या धास्तीने मावशींनी भाचीला दहा सेकंद आधीच थांबवलं. पोरगी त्यांच्याच घरी राहायची. दोन दिवस दोघी एकमेकींचे निरोप भिंतीला सांगत होत्या.

यंदा संघाने ढाली आणून कपाट भरलं, म्हणून कौतुकाचा कार्यक्रम ठरला. सर्वोत्तम वक्तीचं पदक कोणाला, हे ठरवायला तिथेच एक सामना ठेवला. विषय होता, आळस हा दुर्गुण आहे का. भाची आळसावर तुटून पडली आणि वेळेत बसली. मग संघातलीच एका सुताराची मुलगी आळसाच्या बाजूने उठली. खुर्ची कष्टाळू माणसाने शोधलेलीच नाही, म्हणाली, तो बिचारा अजून उभाच आहे. बावीस वर्षं जिने चढलेल्या मावशींना हे इतकं पटलं की त्या घंटा मांडीवर ठेवून, गालाला हात लावून ऐकत राहिल्या. ना एक टोला, ना दोन. पोरगी सात मिनिटं बोलली.

परीक्षकबाई स्वतःच्या घड्याळावर चालत. जादा मिनिटाला एक, असे त्यांनी दोन मार्क कापले आणि भाची एका मार्काने पहिली आली. सुताराची मुलगी मान खाली घालून टाळ्या वाजवू लागली. मावशींनी मांडीवरची घंटा बाजूला ठेवली. गप्प राहावं तर पोरीवर अन्याय, बोलावं तर बावीस वर्षांचं नाव मातीत. तरी त्या उठल्या.

"तिचे मार्क कापू नका. घंटा वाजलीच नाही. मी ऐकत बसले."

"ऐकत बसलात की मुद्दाम विसरलात?" क्लार्कबाईंनी मागून विचारलं. "भाची पहिली आली म्हणून विचारते."

मावशींनी पदर खोचला आणि त्या पोरीची शेवटची दोन मिनिटं हातवाऱ्यांसकट, शब्दन् शब्द म्हणून दाखवली. हशा पिकला. मग त्यांना चेव चढला आणि त्यांनी थेट पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली. परीक्षकबाईंनी डोळे पुसत दोन मार्क परत दिले, पदक सुताराच्या मुलीकडे गेलं, तरी मावशी बोलतच होत्या.

एवढ्यात दोन टोले पडले. घंटा भाचीच्या हातात होती.

"अगं, पाच मिनिटं कुठे झालीत? दहा सेकंद आहेत अजून," मावशी म्हणाल्या.

"माहितीये," भाची म्हणाली. "गेल्या वर्षीची फिटंफाट."