घमेल्यात उरलेलं पाणी

पुसद तालुक्यातल्या एका पशुदवाखान्यात मी डॉक्टर होते, त्या उन्हाळ्यात हे घडलं. एका काकूंकडे कापूस-तुरीच्या शेतासोबत चौदा मेंढ्या होत्या. बांधावर चरायला काही उरलं नव्हतं आणि नुसत्या गव्हाच्या कुटारावर, म्हणजे भुशावर, मेंढ्यांच्या बरगड्या दिसायला लागल्या होत्या. कुटाराला युरिया कसा लावायचा ते दाखवायला मी गेले.

मला तेव्हा सारखी घाई असायची. एका गोठ्यात उभी असताना पुढच्या गोठ्याचा फोन कानाला. मोजून घेतलेला युरिया पाण्यात विरघळवला, कुटाराचे थर भिजवले, तुडवले, वरून प्लॅस्टिक घालून कडा मातीने बंद केल्या. तीन आठवडे उघडायचं नाही, असं बजावलं. शेतात टाकायचं खत मेंढी पचवेल कशी, असं काकूंनी विचारलं. गाडीची किल्ली हातात घेऊनच मी सांगितलं की मेंढी नाही, तिच्या कोठीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, जंतू ते पचवतात. युरियातून अमोनिया सुटतो. त्यातल्या नत्रावर जंतू वाढतात आणि पुढच्या पोटात तेच जंतू पचून मेंढीला प्रथिनं मिळतात. माणसाला हे जमत नाही, रवंथ करणाऱ्या जनावराला जमतं. काकू ऐकत होत्या, तेवढ्यात फोन वाजला आणि मी निघाले.

अर्ध्या वाटेत काकूंचा फोन आला. तीन मेंढ्या पडल्या होत्या. तोंडाला फेस, अंग थरथरत होतं, दात करकरत होते. ऐकता ऐकताच मला आठवलं, उरलेलं युरियाचं पाणी घमेल्यात तसंच अंगणात राहिलं होतं. मेंढ्या तेच प्यायल्या असणार, आणि एकदम एवढा युरिया म्हणजे विषच.

गाडी वळवली. यावर उतारा म्हणजे सिरका, म्हणजेच व्हिनेगर, आणि गार पाणी. सिरक्याच्या आंबटपणाने अमोनिया रक्तात उतरायचा वेग मंदावतो. किराणा दुकानात एकच बाटली मिळाली. शेजारी एक जण चायनीजची गाडी मांडत होता, त्याच्याकडच्या सिरक्याच्या सगळ्या बाटल्या मागून घेतल्या. तो काही विचारत होता, पण मी थांबले नाही.

पोचले तेव्हा एक मेंढी मान मागे टाकून ताठ झाली होती. तिच्यासाठी करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. उरलेल्या दोघींच्या पोटात नळी घालून सिरका आणि माठातलं पाणी सोडलं. काकूंनी त्यांची डोकी मांडीवर धरली होती. तासाभराने एक उठली, मग दुसरी.

हात धुताना मी म्हणाले, "काकू, ते घमेलं मी तसंच ठेवून गेले. तुम्हाला सांगायचं राहिलं."

काकूंनी मेलेल्या मेंढीवर पोतं टाकलं. मग म्हणाल्या, "मले वाटलं साधं पानी हाये. मीच मेंढ्या सोडल्या." आणि थोड्या वेळाने, "आता थे कुटार फेकू का ठेवू, थे सांगा."

ठेवा, असं मी म्हणाले, पण मी आल्याशिवाय उघडू नका.

ते तीन आठवडे मी कुठेच स्वस्थ बसले नाही. काम नसताना त्यांच्या गावावरून गेले, ढिगावरचं प्लॅस्टिक लांबूनच पाहिलं आणि परत फिरले. उघडायच्या दिवशी अमोनियाच्या वासाने आमचे डोळे झोंबले. कुटार पसरून बराच वेळ वारा लागू दिला. मग एकाच मेंढीपुढे मूठभर टाकलं.

"बसा आता इथंच," काकू म्हणाल्या. "फोन वाजला तं वाजू द्या."

फोन दोनदा वाजला. मी मेंढीच्या डाव्या कुशीवर, कोठीपोट असतं तिथे, हात ठेवून बसले, काढला, पुन्हा ठेवला. ती खाली बसली आणि रवंथ करू लागली. काकूंनी दुसरीलाही थोडं टाकलं.

घरी पोचल्यावर मी फोन केला. "खाऊन राह्यल्या," काकू म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी पुन्हा केला.