करवंटीभर पाणी

सकाळी कुंपणापलीकडच्या काजूच्या बागेत एक माकड खाली पडलेलं दिसलं. त्याला धाप लागली होती, डोळे उघडे होते. शेजारचे बापू करवंटीत पाणी घेऊन आले आणि लांबच थबकले.

गेल्या वर्षी काजूच्याच दिवसांत असंच एक माकड पडलं होतं. बापूंच्या बायकोने, शालूकाकीने, त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला पाणी पाजलं. "मारुतीचो जीव तो," ती म्हणाली, "मरताना तोंडात पाणी नको?" त्याच्या अंगावरची गोचीड तिला चावली आणि माकडतापाने ती गेली. इस्पितळात तिच्या नाकातोंडात नळ्या होत्या. तिच्या तोंडात पाणी घालायचं राहूनच गेलं.

तिळाएवढ्या किड्यावर राग तरी किती काढायचा? आणि काकीच्या मायेवर तर तो काढताच येत नाही.

"बापू, पुढे जाऊ नका!" मी ओरडले.

"नाय जात गो."

त्यांनी करवंटी जमिनीवर ठेवली आणि लांब काठीने हळूहळू पुढे सरकवली. माकडापाशी पोचेपर्यंत पाणी सगळं सांडलं. तरीही बापू ती रिकामी करवंटी त्याच्या तोंडाकडे ढकलत राहिले.