थांबा मॅडम

म्हात्रे मॅडमना ऑफिसात त्यांच्या मागे सगळे 'थांबा मॅडम' म्हणायचे. कोणी यंत्राला केबल लावायला हात पुढे केला की त्या कुठूनही ओरडायच्या, "थांबा!" मग चष्मा कपाळावरून खाली आणून केबलचं टोक उजेडात धरायच्या, फिरवून फिरवून बघायच्या आणि मगच "हं, लावा" म्हणायच्या. ही चेष्टा त्यांच्या कानावर गेली होती. "म्हणू देत," त्या म्हणाल्या. "थांबल्याने अजून काही जळलेलं नाही."

त्या वसईजवळच्या उमेळे गावच्या. घरामागे थोडी केळीची वाडी उरली होती, बाकी तिन्ही बाजूंनी इमारती. मुंबईतल्या मोठ्या कंपनीत बरीच वर्षं काढून त्या वसई पूर्वेच्या आमच्या छोट्या कंपनीत मुख्य अभियंता म्हणून आल्या. मेंदूच्या ऑपरेशनच्या वेळी सर्जनला आतलं चित्र पडद्यावर सतत दिसत राहावं, अशी यंत्रणा आम्ही बनवत होतो. प्रोग्राम माझा, यंत्रं त्यांची.

त्यासाठी दोन सर्व्हर लागायचे. एक हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरशेजारी, चित्र घेणारा. दुसरा गणित करून ते चित्र स्पष्ट करणारा; त्याच्या पंख्यांचा आवाज एवढा, की त्याला वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. नेहमीच्या नेटवर्कने चित्र किंचित उशिरा यायचं, आणि मेंदूत सुरी चालू असताना तेवढाही उशीर चालत नाही. म्हणून दोघांना पीसीआयई केबलने थेट जोडायचं ठरलं. कॉम्प्युटरच्या पोटातली कार्डं ज्या वाटेने बोलतात, तीच वाट बाहेर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरपर्यंत न्यायची. तांब्याची केबल हाताशी होती, पण लांब अंतरावर ती कच खाते आणि आमचं अंतर अगदी तिच्या मर्यादेवर होतं. प्रकाशावर चालणारी, आसपासच्या विजेचा त्रास न होणारी काचतंतूची केबल बंगळूरहून मागवावी लागणार होती. तांब्याची लावून बघू, असं ठरलं. ती चालली.

पहिली रुग्णही ठरली. नायगावच्या खाडीकडच्या सुमनताई, अंगणवाडी चालवणाऱ्या. गाठ बोलण्याच्या भागाला चिकटलेली होती. थेट चित्राशिवाय हात घालणार नाही, असं सर्जननी सांगितलं होतं. मुंबईतली तारीख आणखी लांबची होती.

सगळं नीट चाललं की मॅडमना चैन पडायचं नाही. ऑपरेशनच्या आदल्या सकाळी रिकाम्या थिएटरमध्ये शेवटची चाचणी झाली, आम्ही आवरायला लागलो, तर त्या सिस्टरना विचारत होत्या, "ऑपरेशनला आणखी काय काय चालू असतं?" रक्त थांबवायला विजेने डागायचं यंत्र असतं, असं सिस्टर म्हणाल्या.

"ते चालू करा."

चालू केलं आणि पडद्यावरचं चित्र गोठलं. क्षणभरच. मग पुन्हा हललं. दुपारपर्यंत आम्ही ते यंत्र कितीदा तरी चालवलं, चित्र पुन्हा गोठलं नाही. पण जोडणीतल्या चुका मोजणारा आकडा दर वेळी थोडा वर सरकत होता.

कंपनीचे मालक, आमचे साहेब, धावत आले. "एकदाच झालं ना?"

"एकदा झालं म्हणजे होऊ शकतं."

"केबलमुळेच झालं, कशावरून?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "माझ्या प्रोग्राममुळेही असेल. सांगता येत नाही."

"म्हणजे तुमचीही खात्री नाही," साहेब मॅडमवर उसळले. "आणि तिकडे पेशंट अ‍ॅडमिट झालाय!"

"खात्री नाही म्हणूनच," त्या म्हणाल्या, आणि वाकून त्यांनी स्वतः केबल उपसली. दारात उभ्या असलेल्या सर्जननी एक सुस्कारा टाकला आणि ऑपरेशन पुढे ढकललं.

बंगळूरहून मागवलेली काचतंतूची केबल वाटेत असतानाच सुमनताईंना झटका आला. फोन आला तेव्हा मॅडम डबा खात होत्या. उजव्या हाताची बोटं उचलत नाहीत, असं कळलं. त्यांनी डबा तसाच झाकला. साहेब फक्त "घ्या आता" एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून ऑफिसात त्यांची चेष्टा कोणी केली नाही.

नवी केबल त्यांनी स्वतः ओढली, कुठेही तीव्र वळण येऊ न देता. दोन्ही सर्व्हर चालू केले, तर खालच्याला वरचा दिसेचना. मॅडमनी दोन्ही बंद केले, केबलचं टोक काढून उजेडात धरलं. मग म्हणाल्या, "निखिल, तांब्यातून वरच्याला 'जागा हो' हा निरोपही जायचा. हिच्यातून फक्त डेटा जातो. वरचा आधी उठव, म्हणजे खालचा शोधायला लागेल तेव्हा तो जागा असेल." वरचा उठवला, मग खालचा. जोडणी आली. डागायचं यंत्र लावलं. चुकांचा आकडा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. गाठ निघाली, वाचा शाबूत राहिली. बोटं मात्र पुरती सुधारली नाहीत. उशिरामुळे की गाठीमुळे, डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. तांब्याची केबल टिकली असती का, हेही आम्हाला कधी कळलं नाही.

मॅडम आता पुण्याला लेकीकडे असतात. त्यांचा विषय निघाला की मला एक रविवार आठवतो. "चल माझ्याबरोबर," म्हणून त्यांनी मला नायगावला नेलं. सुमनताईंच्या ओटीवर बसल्या बसल्या त्यांनी सांगून टाकलं, "तुमचं ऑपरेशन पुढं गेलं ते माझ्यामुळं. मी थांबवलं."

सुमनताईंचे यजमान उठून अंगणात गेले. सुमनताई आपल्या बोटांकडे बघत राहिल्या.

"ती वायर आता नीट हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे."

"मंग माज्या मागून येनाऱ्याला थांबावं नाय लागनार?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. डाव्या हाताने पेला पुढे सरकवत म्हणाल्या, "पानी पी, बाय."

मॅडमनी पेला रिकामा केला. बाहेर आल्यावर त्यांनी पर्समधून स्कूटरची किल्ली काढली. त्यांनी ती माझ्याकडे दिली आणि पहिल्यांदाच माझ्या मागे बसल्या.